ठराव आणि पाठपुरावा : सुरतेहून पाहिलेली अखिल भारतीय महिला परिषद

सुरत म्हटली की मराठी माणसाला दोन गोष्टी हटकून आठवतात. एक शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या आणि दुसरी १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनात व्यासपीठाकडे भिरकावलेला जोडा. जोडा पुणेरी होता म्हणतात. आपल्याला त्याचाही थोडा अभिमान असतो. त्याच १९०७ साली याच शहरात बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर या दोन तरुण विधवांनी वनिता विश्राम ही संस्था काढली. तिचं आता महिला विद्यापीठ झालं आहे, पण सुरतेच्या उधना-लिंबायत भागातल्या आमच्या मराठी घरांत ती नावं क्वचितच कुणाला सांगता येतात.

महिला परिषदेचा इतिहास पुण्यापासून सुरू करायची रीत आहे, कारण पहिलं अधिवेशन तिथं भरलं. मी तो सुरतेपासून सुरू करते आहे. मला इथलीच माहिती अधिक आहे हे एक कारण. दुसरं कारण नकाशात आहे.

सुरत शहर इंग्रजी अमलात होतं. तिथून दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर नवसारी, ती गायकवाडी. पूर्वेला व्यारा-सोनगड, तेही गायकवाडी. सोनगड तर गायकवाडांची पहिली गादी. मधल्या गावांत कुणाची हद्द कुठं संपते हे पटकन सांगता येऊ नये इतकी सरमिसळ. सयाजीराव गायकवाडांनी १९०४ मध्ये बडोदे राज्यात बालविवाहाला बंदी घालणारा निबंध, म्हणजे कायदा, केला. मुलीचं वय बारा, मुलाचं सोळा. १९०६ पासून सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, तेही मुलींसकट. म्हणजे दहा वर्षांच्या मुलीचं लग्न नवसारीत लावलं तर बापाला दंड, सुरतेत लावलं तर वाजंत्री.

गायकवाडीत सगळं आलबेल होतं असं मात्र नाही. दंड भरून लग्न उरकणारे पुष्कळ होते, आणि शाळेत मुलीचं नाव घातलं म्हणजे मुलगी शाळेत गेली असंही होत नसे. पण राज्याच्या वार्षिक अहवालात किती खटले झाले, किती दंड वसूल झाला याचे आकडे छापले जात. सरकारनं शब्द दिला होता, आणि तो किती पाळला गेला हे कागदावर येत होतं. इंग्रजी हद्दीत यातलं काहीच नव्हतं, कारण तिथं शब्दच दिला गेला नव्हता. पुढं परिषदेनं जे काम केलं त्याचा धागा मला इथं दिसतो. शेजारच्या राज्यात जमतं ते तुमच्याकडे का जमत नाही, हा प्रश्न विचारता येण्यासाठी शेजारी असं एखादं राज्य असावं लागतं.

हा प्रश्न पुण्याच्या बायकांनी परिषदेच्याही आधी विचारला होता. विठ्ठलभाई पटेलांच्या १९१८ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा मिळाली. पुण्यात १९२० मध्ये वाद पेटला : सक्ती आधी मुलांना की दोघांनाही? पैसा नाही, सबब मुली थांबतील, असं म्हणणारे थोर लोक होते, आणि त्यांत टिळकही होते. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं बायका मोर्चा घेऊन रस्त्यावर आल्या. नगरपालिकेच्या दारात बायकांनी जाब विचारायला जाण्याचं हे आपल्याकडचं फार जुनं उदाहरण आहे, आणि सहा वर्षांनी परिषद निघाली ती याच शहरात, हा मला योगायोग वाटत नाही.

परिषदेचा जन्म एका सरकारी अधिकाऱ्याच्या भाषणातून झाला. ओटेन हे बंगालचे शिक्षण संचालक. १९२६ मध्ये कलकत्त्याच्या बेथून कॉलेजच्या बक्षीस समारंभात ते म्हणाले, की मुलींचं शिक्षण कसं हवं हे बायकांनीच एकमुखानं सांगावं आणि मिळेपर्यंत सांगत राहावं. सरकारी माणसानं असं बोलावं आणि घरी जाऊन विसरावं, हा शिरस्ता. मार्गारेट कझिन्स विसरल्या नाहीत. मूळच्या आयर्लंडच्या, मद्रासला स्थायिक झालेल्या या बाईंनी देशभर पत्रकं धाडली : आधी आपापल्या प्रांतात, संस्थानात परिषद भरवा, आपलं म्हणणं ठरवा, प्रतिनिधी निवडा आणि मग पुण्याला या. त्याप्रमाणे बावीस ठिकाणी प्रादेशिक परिषदा भरल्या. ५ ते ८ जानेवारी १९२७ या दिवसांत फर्ग्युसन कॉलेजात अधिवेशन झालं. त्याला आता शंभर वर्षं होतील.

हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी प्रादेशिक परिषदा झाल्या, अखिल भारतीय नंतर. दिल्लीत कुणी समिती नेमली आणि तिच्या शाखा फुटल्या, असं झालं नाही. गुजरात, बडोदे, मुंबई, महाराष्ट्र, वऱ्हाड हे परिषदेचे स्वतंत्र घटक होते. प्रत्येकानं दरवर्षी आपली परिषद भरवायची, ठराव करायचे, ते मध्यवर्ती अधिवेशनाकडे पाठवायचे आणि वर्षाअखेर अहवाल द्यायचा. हे अहवाल छापले जात. वाचायला ते रुक्ष आहेत. अमक्या दरबाराला पत्र लिहिलं, उत्तर नाही. तमक्या नगरपालिकेला स्मरणपत्र धाडलं. या पत्रांमुळे कुठं क्रांती झाली नाही. मात्र पत्राला उत्तर आलं नाही, हेही छापलं जाणार आहे, एवढं साहेबांना आणि दिवाणांना कळू लागलं.

पुण्याच्या अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. माहेर देवासचं, घाटग्यांचं. हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी १९११ मध्येच इंग्रजीत पुस्तक लिहिलं होतं. राजाच्या राणीनं सरकारांकडे मागण्या करणाऱ्या सभेचं अध्यक्षपद घ्यावं यात थोडी गंमत आहेच. पण त्या उभ्या राहिल्या तेव्हा बडोद्याचे दोन्ही निबंध त्यांच्या पाठीशी होते. सभेचा विषय म्हणायला शिक्षणसुधारणा. मुलींचं शिक्षण अडतं कुठं याची चर्चा सुरू झाली आणि पहिल्याच अधिवेशनात गाडी बालविवाहावर येऊन थांबली. बाराव्या वर्षी सासरी जाणाऱ्या मुलीसाठी अभ्यासक्रम कसला आखणार?

पुढची दोन-अडीच वर्षं या एकाच गोष्टीच्या मागं गेली. हरबिलास सारडांचं बालविवाहबंदीचं विधेयक दिल्लीच्या कायदेमंडळात होतं. सरकारनं चालढकल करण्यासाठी का होईना, १९२८ मध्ये संमतिवयाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष आपले वऱ्हाडचे सर मोरोपंत जोशी. सभासदांत रामेश्वरी नेहरू. समितीपुढं साक्षी देण्यासाठी परिषदेच्या शाखांनी गावोगावच्या बायका तयार केल्या. शिष्टमंडळं व्हाइसरॉयकडे गेली, पक्षनेत्यांकडे गेली, आणि चर्चेच्या दिवशी बायका प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसल्या. सप्टेंबर १९२९ मध्ये कायदा झाला. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. अंमल १ एप्रिल १९३० पासून.

मधले सहा महिने सूट! त्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची जी झुंबड उडाली ती १९३१ च्या जनगणनेतही उमटली. पाळण्यातल्या मुलींची लग्नं लागली. सरकारनं समाजसुधारकांना कायदा दिला आणि सनातन्यांना मुहूर्त दिला.

कायद्यातही मेख होती. तक्रार खासगी माणसानं करायची. खोटी तक्रार ठरली तर भरपाई म्हणून शंभर रुपयांपर्यंत हमी त्याच्याकडूनच मागितली जाई. वर्ष उलटलं की तक्रार बाद. एवढं करून लग्न कायम ते कायमच. गावात राहून शेजाऱ्याच्या लग्नावर खटला भरणार कोण? परिषदेचं खरं काम इथून पुढचं, आणि स्मरणिकांत नेमकं तेच गाळलं जातं, कारण त्यात फोटो काढण्याजोगं काही नाही. घटक परिषदांनी सारडा समित्या नेमल्या. लग्न ठरल्याची कुणकुण लागली की बायका घरी जाऊन समजावत, न ऐकलं तर तक्रारीची तजवीज करत. दरवर्षी ठराव तोच : हमीची अट काढा, लग्न थांबवण्याचा अधिकार न्यायालयाला द्या. हा अधिकार १९३८ च्या दुरुस्तीत मिळाला. एका कलमासाठी आठ वर्षं.

आता दुसरी गोष्ट, जी सुरतेपासून दूर घडली, पण या लेखाच्या विषयाला ती सारडा कायद्याहूनही जवळची आहे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनं १९३५ मध्ये स्त्रियांना खाणीत जमिनीखाली काम द्यायला मनाई करणारा करार केला. हिंदुस्थान सरकारनं तो १९३८ मध्ये मान्य केला. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तसं १९४३ मध्ये सरकारनं स्वतःच ही बंदी उठवली आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात, बिहारात, बंगालात बायका पुन्हा खाणीत उतरल्या. परिषदेनं निषेधाचे ठराव केले, सभा घेतल्या, आणि प्रकरण विलायतेच्या वर्तमानपत्रांपर्यंत पोचेल असं पाहिलं. तिथं सरकारला उत्तर द्यावं लागलं. १९४६ मध्ये बंदी पुन्हा आली. खाणीतून निघालेल्या बाईला दुसरं काम कुठं मिळालं, याची तजवीज ना सरकारनं केली ना परिषदेनं. बंदीनं बाईचं भलं होतं की तिची मजुरी जाते, हा वाद तेव्हाही होता. पण जगासमोर सही केलेला कागद सरकार गुपचूप गुंडाळू पाहतं आणि बायकांची संस्था तो पुन्हा उलगडून समोर धरते, असा प्रसंग आपल्या इतिहासात त्याआधी मला आढळत नाही.

मग हंसाबेन. हंसा मेहता यांचा जन्म सुरतेचा, ३ जुलै १८९७. आजोबा नंदशंकर मेहता सुरतेच्या शाळेचे हेडमास्तर, 'करणघेलो' या पहिल्या गुजराती कादंबरीचे लेखक. वडील मनुभाई बडोद्याचे दिवाण. नागर ब्राह्मणांच्या या मुलीनं १९२४ मध्ये वैश्य जातीतल्या डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केलं तेव्हा जातीत मोठी खळबळ माजली. सयाजीराव पाठीशी उभे राहिले. म्हणजे जन्म इंग्रजी सुरतेतला आणि वाढ गायकवाडीतली. हद्दीच्या दोन्ही बाजू तिच्या घरातच होत्या.

१९३७ च्या निवडणुकीत त्या मुंबईच्या विधिमंडळात गेल्या. बायकांसाठी राखीव जागा होत्या, त्यांतून उभं राहायला त्यांनी नकार दिला. परिषदेचंही धोरण तेच होतं : प्रौढ मताधिकार हवा, मेहेरबानीची जागा नको. १९४५-४६ च्या संधिकाळात सिंधमधल्या हैदराबादला परिषदेचं अठरावं अधिवेशन भरलं, त्याच्या त्या अध्यक्ष. तिथून निघाली ती भारतीय स्त्रीच्या हक्क आणि कर्तव्यांची सनद. मसुद्यात राजकुमारी अमृत कौर आणि लक्ष्मी मेनन यांचाही हात होता. शिक्षण, आरोग्य, काम, मालमत्ता, विवाह, वारसा. येणाऱ्या सरकारनं काय काय द्यायचं त्याची यादीच. स्वातंत्र्य अजून मिळायचं होतं, सरकार कुणाचं येणार हेही पुरतं ठरलं नव्हतं, आणि या बायकांनी त्याच्यासाठी वसुलीची वही आधीच घालून ठेवली!

१९४६ मध्येच हंसाबेन संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक उपआयोगावर गेल्या. पुढच्या वर्षी पूर्ण आयोगाची पहिली बैठक झाली तेव्हा भारताच्या सभासद होत्या बेगम शरीफा हमीद अली, बडोद्याचे न्यायाधीश अब्बास तय्यबजी यांच्या कन्या. परिषदेच्या दोन माजी अध्यक्षा, दोघीही गायकवाडीच्या छायेत वाढलेल्या. तिथं त्यांना भेटल्या त्या दक्षिण-उत्तर अमेरिकेच्या बायका. त्यांनी १९२८ मध्येच हवानात आपल्या खंडाचा स्त्री आयोग स्थापला होता आणि आपापल्या सरकारांचे कायदे शेजारी शेजारी मांडून त्यांना लाजवण्याचं तंत्र कमावलं होतं. आशियात आपणही १९३१ मध्ये लाहोरला अखिल आशियाई महिला परिषद भरवली होती, पण ती पुढं तगली नाही. पुढं संयुक्त राष्ट्रांतच मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होऊ लागला. त्याच्या मसुद्यात सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र व समान, अशा अर्थाची इंग्रजी शब्दयोजना होती. त्यात बायकाही येतात असं समजायचं, हे मिसेस रूझवेल्टना चालत होतं. हंसाबेनना चालेना. तुमच्यात येत असतील, आमच्याकडची सरकारं याचा अर्थ पुरुष असाच लावतील, हा त्यांचा आक्षेप. १० डिसेंबर १९४८ ला मंजूर झालेल्या पहिल्या कलमात 'सर्व माणसे' आली. सारडा कायद्याच्या पळवाटा वर्षानुवर्षं बुजवत बसलेल्या संस्थेतून आलेल्या बाईला शब्दाची किंमत ठाऊक असणार.

एवढं कौतुक केलं, आता एक गोष्ट सांगितली नाही तर इतिहास खोटा होईल. डिसेंबर १९३७ चं अधिवेशन नागपूरला होतं. त्याला दलित स्त्रियांच्या प्रतिनिधी म्हणून जाईबाई चौधरी आणि त्यांच्या सोबतिणी गेल्या. जेवणाच्या वेळी त्यांना वेगळं बसवण्यात आलं. समान हक्कांचे ठराव मांडवात आणि पंगत अशी. त्या बायकांनी लगेच निषेधाची सभा घेतली. पुढं २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची स्वतंत्र परिषद भरली, हजारो बायका आल्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात हे नोंदवून ठेवलं नसतं तर आमच्यासारख्यांच्या हाती फक्त परिषदेचे छापील अहवाल असते. सरकारचा हिशेब मागणाऱ्या संस्थेचाही कुणीतरी हिशेब ठेवावा लागतो, आणि तो तिच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेल्यांनी ठेवला.

स्वातंत्र्यानंतरचा काळ मी भरभर सांगते, कारण परिषदही त्यात मंदावली. जुन्या कार्यकर्त्या मंत्री झाल्या, कुलगुरू झाल्या. हंसाबेन १९४९ मध्ये बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्याच वर्षी १ मे रोजी बडोदे राज्य मुंबईत विलीन झालं आणि नवसारी सुरत जिल्ह्यात आली. हद्द पुसली गेली. हिंदू कायद्याचं विधेयक लांबणीवर पडलं, डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये राजीनामा दिला, आणि ते तुकड्या-तुकड्यांनी १९५५-५६ मध्ये मंजूर झालं. आपलीच माणसं सत्तेवर असताना जाब विचारायचा कसा, ही अडचण परिषदेला कायमची चिकटली. समाजकार्य, वसतिगृहं, शिवणवर्ग वाढले. ते वाईट नव्हतं. पण वही मिटलेलीच राहिली. ती पुन्हा उघडली १९७४ मध्ये, परिषदेनं नव्हे तर सरकारनंच नेमलेल्या स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीनं. फुलरेणू गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार सचिव. पंचवीस वर्षांत काय झालं याचा अहवाल इतका कडू निघाला की राखीव जागांना विरोध करत वाढलेल्या पिढीतल्या वीणाताई आणि लतिका सरकार यांनी स्वतंत्र टिपण जोडून राखीव जागा मागितल्या.

राखीव जागांच्या या गोष्टीसाठी सुरतेत परत यायला हवं. गुजरात विधानसभेनं २००९ मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा देणारं विधेयक केलं. त्यात सक्तीचं मतदानही घातलेलं असल्यानं ते राज्यपालांकडे अडलं आणि मंजुरी मिळाली २०१४ मध्ये. २०१५ पासून आमच्या महानगरपालिकेत निम्म्या बायका. २०२१ मध्ये तीस प्रभाग, एकशेवीस जागा, त्यांतल्या साठ स्त्रियांच्या. राखीव जागा नाकारणाऱ्या हंसाबेनच्या जन्मगावची ही पालिका. त्यांना काय वाटलं असतं हे मी सांगू शकत नाही, पण पाच वर्षं विधेयक का अडलं हे विचारायला त्या नक्की गेल्या असत्या.

आणि हद्दीची गोष्ट संपली असंही नाही. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, मुंबईतल्या स्त्रीसंघटनांच्या रेट्यानं. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि तो अमलात आला १९९६ मध्ये. मधली आठ वर्षं चांगला कायदा महाराष्ट्रात आणि गुजरातेत काहीच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरतेला उणीव होती ती नवसारीच्या मानानं, शतकाच्या अखेरीस हद्दीपलीकडच्या नंदुरबारच्या मानानं. २०११ च्या जनगणनेत सुरत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली होत्या ८३५.

आमचे सगळे नातेवाईक सुरत-भुसावळ गाडीनं येतात-जातात. त्या मार्गावर नवापूर लागतं. या स्थानकाच्या मधूनच राज्यांची हद्द जाते : तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरची खोली गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, अर्धा इकडं, अर्धा तिकडं. लोक त्यावर बसून हौसेनं फोटो काढतात. त्या आठ वर्षांत पोटुशी बाई बाकाच्या या टोकावरून त्या टोकाला सरकली, की कायदा मागं राहत होता.